मुख्यमंत्रिपदापेक्षा मोठे ठरलेले शिक्षणमंत्रिपद

गोव्याच्या आजवरच्या एकमेव महिला मुख्यमंत्री शशिकला काकोडकर यांची ओळख आजही प्रामुख्याने भाऊसाहेब बांदोडकरांची कन्या म्हणूनच करून दिली जाते. तथापि त्यांच्या राजकारणाचे खरे मोजमाप वारशाने आलेल्या मुख्यमंत्रिपदावरून करायचे, की १९९० मध्ये अल्पायुषी सरकारात शिक्षणमंत्री असताना घेतलेल्या एका निर्णयावरून, हा प्रश्न भाषेच्या वादाने पुन्हा डोके वर काढले की नव्याने उभा राहतो.

लहान मुलाने शाळेत पाऊल ठेवले की त्याच्या कानावर कोणती भाषा पडावी, या प्रश्नाने २०२५ मध्ये महाराष्ट्र ढवळून निघाला. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकविण्याचा शासन निर्णय १६ एप्रिल रोजी निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्याची वेळ सरकारवर आली. या साऱ्या गदारोळात अस्मिता, राजकारण आणि आगामी निवडणुका यांची चर्चा पुष्कळ झाली. मुलाच्या शिक्षणाचे माध्यम कोणते असावे आणि त्यासाठी सरकारने आपला पैसा कोठे खर्च करावा, या मूळ प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. याच प्रश्नाला शेजारच्या चिमुकल्या गोव्यात एका महिला मंत्र्याने साडेतीन दशकांपूर्वी थेट हात घातला होता. त्या निर्णयाचे पडसाद गोव्याच्या राजकारणात अजूनही उमटतात. त्या मंत्री म्हणजे शशिकला काकोडकर, गोमंतकीयांच्या ताई.

ताईंचा जन्म ७ जानेवारी १९३५ रोजी, पेडण्याचा. वडील दयानंद बांदोडकर हे बहुजन समाजातून वर आलेले खाणमालक. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीजांच्या जोखडातून मुक्त झाला आणि दोन वर्षांनी झालेल्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, म्हणजे ‘मगो’ने, सत्ता मिळविली. पक्षाच्या नावातच त्याचे उद्दिष्ट होते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, मराठी ही गोमंतकाची भाषा आहे आणि कोकणी ही तिची बोली आहे, ही मगोची भूमिका. मात्र पक्षाचे बळ केवळ भाषेत नव्हते. शतकानुशतके भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, वळचणीला राहिलेल्या कुळांना आणि मुंडकारांना मगोच्या रूपाने प्रथमच राजकीय आवाज मिळाला होता. भाऊसाहेबांची लोकप्रियता होती ती यामुळे.

१६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोमंतकीयांनी विलीनीकरण नाकारले. संघप्रदेश म्हणून वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. चौतीस हजारांच्या या फरकाने मगोचे मूळ ध्येयच इतिहासजमा केले. पण त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी मगोला पुन्हा सत्तेवर बसविले. याचा अर्थ उघड होता. लोकांना महाराष्ट्र नको होता, पण बहुजनांचे राज्य हवे होते. १९६७ च्या याच निवडणुकीत शशिकला काकोडकर विधानसभेत आल्या. १९७२ मध्ये त्या वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाल्या आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेबांचे निधन होताच मुख्यमंत्रिपदाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

त्यावेळी त्यांचे वय अडतीस वर्षांचे होते. सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतर देशातील त्या तिसऱ्याच महिला मुख्यमंत्री. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्राला स्थापनेपासून आजवर एकाही महिलेला मुख्यमंत्रिपदावर बसविता आलेले नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. अर्थात ताईंना ही खुर्ची वारशाने मिळाली, हेही तितकेच खरे. मुलगा वारस झाला तर त्याला ‘घराण्याची परंपरा’ म्हणायचे आणि मुलगी झाली तर ‘वडिलांची पुण्याई’, हा आपल्या राजकीय भाषेतील दुजाभाव बाजूला ठेवला, तरी वारशाने आलेले पद टिकविण्यासाठी वारसदाराला स्वतःचे काही करून दाखवावे लागते. ताईंच्या बाबतीत ती कसोटी लगेच आली.

भाऊसाहेब हे लोकनेते होते. पक्ष म्हणजे भाऊसाहेब आणि सरकार म्हणजेही भाऊसाहेब, अशी स्थिती होती. अशा नेत्यामागे संघटना उभी राहत नाही. उभी राहते ती गर्दी. त्या गर्दीला कायद्याचा आधार देण्याचे काम ताईंच्या कारकिर्दीत झाले. १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा हे त्यातील पहिले पाऊल. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा मुंडकार हा पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या मर्जीवर जगत असे. मर्जी फिरली की घर गेले. या कायद्याने त्याला घरातून हुसकावून लावण्यापासून संरक्षण दिले आणि घराची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. पाठोपाठ १९७६ मध्ये कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्या कुळाला जमिनीचे मालक मानण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. भाटकारांनी या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान दिले; पुढे १९८४ च्या ४७ व्या घटनादुरुस्तीने ती घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेली. मामलेदार कचेऱ्यांमधून कूळ-मुंडकारांची प्रकरणे आजही रेंगाळतात, हे मान्य करूनही असे म्हणावे लागेल की, वडिलांनी दिलेल्या आश्वासनाला कायद्याचा सांगाडा मिळाला तो कन्येच्या काळात.

मग हे सरकार कोसळले का? १९७७ च्या निवडणुकीत तीस सदस्यांच्या विधानसभेत मगोला १५ जागा मिळाल्या होत्या. बहुमत नावापुरते होते. दरम्यान गोव्यात नवी पिढी वयात येत होती. तिने पोर्तुगीज राजवट पाहिली नव्हती आणि भाऊसाहेबांविषयीची कृतज्ञताही तिच्या ठायी तेवढी नव्हती. बसभाड्यात निम्मी सवलत मिळावी म्हणून १९७८-७९ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. यांत्रिक ट्रॉलरमुळे समुद्रातील मासळी आणि पोटावरचा घास दोन्ही जात असल्याची तक्रार घेऊन रापणकार, म्हणजे पारंपरिक मच्छीमार, संघटित झाले. बहुजनांच्या पक्षावरच बहुजनांची मुले आणि कष्टकरी चाल करून येत आहेत, हे दृश्य मगोला नवे होते. त्याला राजकीय उत्तर देण्याऐवजी सरकारने प्रशासकीय उत्तर शोधले. पक्षांतर्गत नाराजी वाढत गेली आणि एप्रिल १९७९ मध्ये पक्षातीलच काही आमदार विरोधात गेल्याने सरकार गडगडले. राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगो सात जागांवर घसरला आणि सलग सोळा वर्षांच्या सत्तेचा शेवट झाला.

त्यानंतरची काही वर्षे हा ताईंच्या कारकिर्दीतील सर्वांत दुबळा कालखंड म्हणावा लागेल. त्या काँग्रेसमध्ये गेल्या. ज्या पक्षाशी भाऊसाहेबांनी आयुष्यभर सामना केला, त्याच पक्षात त्यांची कन्या जाते, हे सामान्य मगो कार्यकर्त्याला पटणे शक्य नव्हते. पुढे काँग्रेस सोडून त्यांनी वडिलांच्या नावाने भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष काढला. त्याचा प्रभाव पडला नाही आणि अखेरीस त्या मगोत परतल्या. वडिलांचे नाव पक्षाच्या पाटीवर लिहून वडिलांचा मतदार मिळत नाही, हा धडा यातून त्यांना मिळाला असावा. कारण यानंतरच्या ताई वेगळ्या दिसतात. सत्तेपेक्षा एका प्रश्नाला त्या चिकटून राहिल्या. तो प्रश्न भाषेचा होता.

भाषेच्या प्रश्नावर गोव्याने बरीच जखम सोसली आहे. ताई मुख्यमंत्री असतानाच, १९७५ मध्ये, साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली. ऐंशीच्या दशकात राजभाषेचा वाद पेटला. कोकणीवादी एका बाजूला, मराठीवादी दुसऱ्या बाजूला, अशी घरेच्या घरे दुभंगली. १९८६ च्या अखेरीस आंदोलनाला हिंसक वळण लागून बळी गेले. अखेर फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद करण्यात आली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला. मराठीसाठी झगडणाऱ्या ताई या लढाईत हरलेल्या बाजूला होत्या.

हा पूर्वेतिहास ध्यानात घेतला, तरच १९९० च्या निर्णयाचे महत्त्व कळते. त्या वर्षी मार्चमध्ये काँग्रेसमधील फुटीमुळे सत्तांतर झाले आणि मगोसह पुरोगामी लोकशाही आघाडीचे सरकार आले. जेमतेम नऊ महिने टिकलेल्या या राजवटीत ताई शिक्षणमंत्री झाल्या. मुक्तीनंतर सरकारी प्राथमिक शाळा गावोगावी निघाल्या होत्या आणि त्या बहुतांशी मराठी होत्या. पण सरकारी अनुदानावर चालणाऱ्या खासगी शाळांत, विशेषतः चर्चच्या संस्थांच्या शाळांत, इंग्रजीचेच राज्य होते. प्राथमिक स्तरावर सरकारी अनुदान मिळेल ते केवळ मातृभाषेतून, म्हणजे कोकणी वा मराठी माध्यमातून, शिकविणाऱ्या शाळांनाच, असे धोरण ताईंनी आणले.

या धोरणातील मर्म नीट समजून घ्यायला हवे. एक तर त्यांनी कोणावर सक्ती केली नाही. इंग्रजी माध्यमाची शाळा चालविण्यास बंदी नव्हती. सरकारी तिजोरीतून तिला पैसे मिळणार नव्हते, इतकेच. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकच्या प्रकरणात, राज्य सरकार प्राथमिक शाळांवर मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करू शकत नाही, असा निर्वाळा दिला. सक्ती आणि अनुदान यांतील भेद गोव्याने चोवीस वर्षे आधीच पाळला होता. दुसरे म्हणजे, आयुष्यभर मराठीचा ध्वज खांद्यावर घेतलेल्या नेत्याने कोकणीला मराठीच्या बरोबरीने बसविले. मराठीची बाजू वरचढ करण्याची संधी हाती असताना त्यांनी ती घेतली नाही. राजभाषेच्या वादाचे निखारे विझलेही नव्हते, अशा वेळी हा विवेक दाखविणे सोपे नव्हते.

परिणाम अनपेक्षित होता. चर्चच्या संस्थेने आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांचे माध्यम बदलून कोकणी केले. ख्रिस्ती घरातली मुले देवनागरीतून कोकणी शिकू लागली. ज्या कोकणीला मगोने एकेकाळी बोली म्हणून हिणविले, तिला शाळांच्या रूपाने सर्वांत मोठा आधार दिला तो मगोच्याच मंत्र्याने. हा निर्णय घेणारे सरकार डिसेंबरमध्ये पडले. त्यानंतरच्या दशकात गोव्याने मुख्यमंत्री ज्या वेगाने बदलले, त्या वेगाने इतर राज्ये अधिकारीही बदलत नसतील. पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले. पण हे धोरण एकवीस वर्षे टिकले. गोव्याच्या अस्थिर राजकारणात एवढे दीर्घायुष्य फार थोड्या निर्णयांच्या वाट्याला आले आहे.

तरीही या धोरणावरचे आक्षेप निव्वळ इंग्रजीचे वेड म्हणून उडवून लावण्यासारखे नाहीत. ज्यांच्या खिशात पैसा होता, त्यांनी आपली मुले विनाअनुदानित इंग्रजी शाळांत घातली. त्यात मातृभाषेची महती सांगणारे राजकारणीही होते. अनुदानित शाळेवर अवलंबून असलेल्या रापणकाराला, चालकाला, कामगाराला हा पर्याय नव्हता. पुन्हा चौथीपर्यंत मातृभाषा आणि पाचवीपासून सर्वत्र इंग्रजी, अशी व्यवस्था असल्याने या मुलांना मध्येच उडी मारावी लागे. ‘आमच्याच मुलांनी भाषा का सांभाळायची?’ हा गरीब पालकांचा प्रश्न रास्त होता. कोकणीतून शिकविणाऱ्या शाळांना उत्तम पुस्तके, प्रशिक्षित शिक्षक आणि पाचवीच्या उडीची तयारी देणे ही त्यानंतरच्या प्रत्येक सरकारची जबाबदारी होती. ती पार पाडली गेली नाही. धोरण कागदावर जिवंत राहिले. त्याला लागणारे खतपाणी मात्र कोणी घातले नाही. पालकांचा विश्वास उडाला तो भाषेवरचा नव्हे, शाळेवरचा.

या असंतोषाला २०११ मध्ये राजकीय तोंड फुटले. दिगंबर कामत यांच्या काँग्रेस सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचे ठरविले. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला आणि वयाची पंचाहत्तरी उलटलेल्या ताई त्याच्या अग्रभागी आल्या. या मंचावरचे दृश्य गोव्याच्या इतिहासात अपूर्व होते. जनमत कौलाच्या काळात ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातील आपल्या ‘ब्रह्मास्त्र’ सदरातून विलीनीकरणावर तुटून पडलेले कोकणीवादी उदय भेंब्रे आणि विलीनीकरणवादी पक्षाच्या वारसदार शशिकला काकोडकर एकाच बाजूला उभे होते. कोकणी आणि मराठी एकमेकींच्या सवती नाहीत, दोघींचे भवितव्य एकाच शाळेत ठरणार आहे, ही जाणीव दोन्ही छावण्यांना झाली होती. ज्या वादाने १९८७ पूर्वी रक्त सांडले, तो वाद शमला तो राजभाषा कायद्यामुळे तितका नव्हे, जितका शाळेच्या प्रश्नामुळे.

त्यानंतर जे घडले ते राजकारणाच्या रीतीला धरूनच. मातृभाषेच्या आंदोलनात विरोधी पक्ष म्हणून सामील झालेला भाजप २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या नेतृत्वाखाली २१ जागा मिळवून स्वबळावर सत्तेत आला. आणि अल्पसंख्याक संस्थांच्या तेव्हाच्या इंग्रजी शाळांचे अनुदान त्याने चालू ठेवले. मंचाने पुन्हा रस्ता धरला. ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे गोव्यातील प्रमुख सुभाष वेलिंगकर यांना पदावरून दूर केले गेले आणि लगोलग त्यांनी गोवा सुरक्षा मंच हा पक्ष काढला. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी, हा संघर्ष शिगेला पोहोचलेला असताना, ताईंचे निधन झाले. त्या ८१ वर्षांच्या होत्या. २०१७ च्या निवडणुकीत नव्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. आंदोलनाला गर्दी करणारा मतदार मतपेटीपाशी वेगळा विचार करतो, हे १९६७ मध्ये मगोने अनुभवले होते. पन्नास वर्षांनी तेच पुन्हा दिसले.

मगोचे काय झाले, हेही या संदर्भात पाहण्याजोगे आहे. १९८९ मध्ये चाळीसपैकी १८ जागा जिंकणारा हा पक्ष १९९४ मध्ये भाजपशी युती करून बसला. त्या युतीतून भाजपचे पहिले चार आमदार गोव्याच्या विधानसभेत आले. त्यानंतर बहुजन मतदार हळूहळू तिकडे सरकला. २०२२ च्या निवडणुकीत मगोला दोन जागा मिळाल्या. भाऊसाहेबांनी उभी केलेली आणि ताईंना सावरता न आलेली राजकीय शक्ती दुसऱ्याच घरी नांदायला गेली. नेत्या म्हणून ताईंचे अपयश सांगायचे तर ते हे आहे. पक्ष टिकविण्यासाठी लागणारी संघटना त्यांनी बांधली नाही आणि मोक्याच्या क्षणी पक्षाची स्वतंत्र ओळख जपली नाही.

महिला नेतृत्वाच्या दृष्टीनेही गोवा त्यांच्यानंतर फार पुढे गेला असे म्हणवत नाही. २०२२ मध्ये चाळीस आमदारांत तीनच महिला निवडून आल्या आणि त्या तिघींचेही पती राजकारणातले. विधिमंडळांत महिलांना एक तृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली आहे. तिच्यामुळे संख्या वाढेल. पण नात्यामुळे मिळालेल्या जागेवर बसून नात्यापलीकडचे काम करण्याची वाट प्रत्येकीला स्वतःच शोधावी लागेल. त्या दृष्टीने ताईंचा प्रवास अभ्यासण्यासारखा आहे. मुख्यमंत्री असताना त्यांनी वडिलांचे अपुरे काम पुढे नेले. शिक्षणमंत्री असताना मात्र त्यांनी वडिलांच्या पक्षाची भाषाविषयक भूमिकाच ओलांडली. त्यांचे स्वतःचे राजकारण सुरू झाले ते तेथे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांची अवस्था आपण पाहतोच आहोत. महानगरांत मराठी शाळांचे वर्ग ओस पडत आहेत आणि मराठीसाठी घसा कोरडा करणाऱ्यांची मुले दुसऱ्याच शाळेच्या बसमध्ये चढत आहेत. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह आहे. तो कागदावरचा आग्रह राहू नये असे वाटत असेल, तर गोव्याच्या अनुभवातून दोन गोष्टी घ्याव्या लागतील. भाषेचे धोरण सक्तीने नव्हे, तर सरकारच्या पैशाच्या विनियोगातून राबविता येते, ही पहिली. आणि असे धोरण केल्यानंतर त्या शाळा श्रीमंताच्या शाळेइतक्याच चांगल्या केल्या नाहीत, तर गरीब पालक ते धोरण मोडून काढतात व त्यांना दोष देता येत नाही, ही दुसरी. पहिली गोष्ट ताईंनी १९९० मध्ये करून दाखविली. दुसरी करण्यासाठी त्यांना सत्ता आणि वेळ मिळाला नाही. ज्यांना या दोन्ही गोष्टी मिळाल्या, त्यांनी ती केली नाही. गोव्यातील माध्यमाचा वाद त्यामुळेच अजून मिटलेला नाही.